कोर्स करून आला अन् घरातच परका झाला

बीड जिल्ह्यातल्या एका ताईचं पत्र आलंय, ओळख पटेल असं सगळं गाळून थोडक्यात सांगते. ताई २७ वर्षांची, लग्न झालेलं, सासर शेजारच्याच तालुक्यात. आईवडील ऊसतोडीला जातात, दसरा-दिवाळीला टोळीसोबत निघतात ते गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. धाकटा भाऊ २० वर्षांचा, लहानपणी अर्धं वर्ष फडावर अन् अर्धं वर्ष गावच्या शाळेत असं करत कसाबसा दहावीपर्यंत पोचला आणि गणितात राहिला. मग दोन-तीन वर्षं गावातच, कधी रोजंदारी, कधी पारावर. ताईनंच माहिती काढून त्याचा फॉर्म भरला, संभाजीनगरला तीन महिन्यांचा फुकट निवासी कोर्स, हॉटेलातल्या सर्व्हिसचा. तिथं त्याचं छान जमलं, सर्टिफिकेट मिळालं, पुण्यात एका हॉटेलात लागला आणि अडीच महिन्यांत बॅग घेऊन परत आला. तेव्हापासून घरीच आहे. सॉरी-थँक्यू म्हणतो, शर्ट इस्त्री करून घालतो, जुन्या मित्रांत बसत नाही, घरात कुणाशी धड बोलत नाही, रात्री उशिरापर्यंत कोर्सच्या पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असायचा पण आता तो ग्रुपही थंड पडलाय. मुकादम (टोळी जमवणारा) उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, द्यायला आला तर हा तोंडावर म्हणाला मी येणार नाही, त्यावरून घरात मोठं भांडण झालं. वडील ताईला म्हणतात, "तू फॉर्म भरलास म्हणून पोरगं हातचं गेलं, ना तिकडचं राहिलं ना इकडचं." मामा म्हणायलेत लग्न लावून टाका, कोयता (ऊसतोडीतली नवरा-बायकोची जोडी) पूर्ण होईल आणि पोरगं ठिकाणावर येईल. ताई विचारते, "मावशी, त्याला परत पुण्याला ढकलू का यंदा आईवडिलांसोबत जाऊ देऊ? असले कोर्स नुसते फोटो काढण्यापुरतेच असतात का? मीच माझ्या भावाचं वाटोळं केलं का?"

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्या ओझ्याखाली तुला बाकीचं ऐकूच येणार नाही. वाटोळं केलं नाहीस. दहावी नापास, वय वाढत चाललेलं, पारावर बसून दिवस काढणाऱ्या भावासाठी तू जे केलंस ते घरात दुसऱ्या कुणाला सुचलंसुद्धा नव्हतं. वडील तुझ्यावर राग काढतात कारण तू सासरी आहेस, समोर नाहीस, आणि तुझ्यावर काढलेला राग त्यांना त्यातल्या त्यात स्वस्तात पडतो. त्यांचंही एक दुखणं आहे त्यात, त्याच्याकडं येतेच.

आता एक गोष्ट. तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात वडील काय म्हणाले, मामा काय म्हणाले, मुकादम काय म्हणाला, शेजारीपाजारी काय म्हणतात सगळं आहे, पण तुझा भाऊ पुण्याहून का परत आला हे कुठंच नाही. मी शोधलं, खरंच नाही. म्हणजे इतके महिने झाले आणि बहुतेक घरातल्या कुणीच त्याला हे शांतपणे विचारलेलं नाही, "नोकरी का सोडली" असं ओरडून विचारलं असेल, पण ते विचारणं नव्हे. पगारातनं जेवण-रूमचे पैसे कापून हातात काहीच उरत नव्हतं का, बारा-बारा तास उभं राहून पाय सुजायचे का, कॅप्टन (हॉटेलात वेटरांवर असतो तो) सगळ्यांसमोर शिव्या घालायचा का, रूम बघताना आडनाव विचारून दार लावलं का, आजारी पडला आणि पाणी द्यायला कुणी नव्हतं का, काही हरवलं आणि आळ याच्यावर आला का, की निव्वळ घरची आठवण यायची? प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे गं. पगाराचा प्रश्न असेल तर दुसरं हॉटेल बघता येतं, अपमानाचा असेल तर आधी तो अपमान कुणीतरी ऐकून घ्यावा लागतो, आणि एकटेपणाचा असेल तर त्याला परत एकट्यालाच पुण्याला ढकलणं म्हणजे परत तेच होणार. म्हणून "ढकलू का" याचं उत्तर नाही असंच आहे, निदान कारण कळेपर्यंत तरी.

दुसरं, तू (आणि तुझ्यासारखी पत्रं लिहिणारी बरीच मंडळी) असं धरून चालतेस की कोर्स म्हणजे नोकरी, नोकरी गेली म्हणजे कोर्स वाया. हिशोब असाच ठेवला जातो म्हणून आपल्यालाही तसंच वाटतं. केंद्राची दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना २५ सप्टेंबर २०१४ ला सुरू झाली, १५ ते ३५ वयाच्या ग्रामीण गरीब पोरापोरींसाठी, तिच्यातही किती जणांना प्लेसमेंट मिळाली आणि किती टिकली हेच मोजतात. मोजायला पाहिजेच, त्याशिवाय फुकट्या संस्थांना लगाम बसत नाही. पण त्याच कोर्सात इंग्रजी, कॉम्प्युटर आणि सॉफ्ट स्किल्स सक्तीचं असतं आणि त्या बाजूला पोराच्या आत काय झालं ते कुणी मोजत नाही.

तुझ्या भावाच्या बाजूनं तीन महिने बघ जरा. ज्या लेकराचं अर्धं बालपण कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, गेलं, पहाटे आईबाप फडात गेले की लहानग्याला सांभाळत बसायचं, शाळेत परत आलं की मास्तर विचारणार "आलास का कारखान्याहून", त्या पोराला पहिल्यांदा स्वतःची कॉट मिळाली. वेळेवर जेवण मिळालं. सकाळी हजेरीला त्याचं पूर्ण नाव घेतलं जायचं. चुकलं तर परत करून दाखव म्हणायचे, कानाखाली बसत नव्हती. किनवटचं, हिंगोलीचं, औशाचं, भोकरदनचं पोरगं शेजारच्या कॉटवर, कुणालाच ठाऊक नाही की हा अमक्याच्या टोळीतला. अनोळखी माणसाच्या डोळ्यात बघून बोलायचं, ऑर्डर चुकली तर सॉरी म्हणून दुरुस्त करायची, राग आला तर गिळून मागं जाऊन पाणी प्यायचं, हे तिथं रोज करून घेतलं असणार. हे सगळं नोकरी सुटली म्हणून पुसलं जात नाही.

आणि हे मी नुसतं मनानं सांगत नाहीये. न्यूयॉर्क शहरात पोरांना, त्यात बहुतेक गरीब घरांतल्या, उन्हाळ्यात काही आठवडे पगारी काम देतात, अर्ज इतके येतात की लॉटरी काढावी लागते. २००५ ते २००८ या वर्षांत ज्यांची लॉटरी लागली आणि ज्यांची नाही लागली त्यांची पुढं काय गत झाली हे संशोधकांनी ताडून बघितलं. नंतरच्या वर्षांत कमाई वाढली का? नाही वाढली. पण लॉटरी लागलेल्यांत तुरुंगात जाणारी पोरं कमी निघाली आणि अकाली मरणारी पोरंसुद्धा कमी निघाली. नुसता पगाराचा रकाना बघितला असता तर म्हणाले असते कार्यक्रम फेल. शिकागोत २०१२ च्या उन्हाळ्यात मारामाऱ्यांच्या वस्त्यांतल्या शाळांमधली १६३४ पोरं घेऊन असंच केलं, लॉटरीनं काहींना ८ आठवड्यांचं अर्धवेळ काम आणि सोबत लक्ष ठेवायला एक मोठं माणूस, आणि पुढच्या १६ महिन्यांत हिंसेच्या गुन्ह्यांतल्या अटका ४३ टक्क्यांनी कमी झाल्या, गंमत म्हणजे ही घट बहुतेक काम संपल्यानंतरची आहे. म्हणजे काम संपलं तरी पोराच्या आत काहीतरी चालूच राहिलं होतं. तुझा भाऊ काही गुन्हेगार नाही आणि बीड म्हणजे शिकागो नाही, तुलना तशी करायचीच नाहीये. मला एवढंच दाखवायचंय की अशा कार्यक्रमांचा परिणाम कधीकधी आपण जिथं बघतच नाही तिथं होतो, आणि अठरा-वीस वय झालं म्हणजे "आता काय घडायचंय" असं म्हणण्यात काही अर्थ नाही, रागावर ताबा आणि पुढचा विचार ज्याच्यावर अवलंबून असतो तो मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो.

आता घरच्यांना जो बिघाड वाटतोय तो परत एकदा बघ. इस्त्रीचा शर्ट, सॉरी-थँक्यू, पारावर न बसणं, यात वाईट काय आहे? मुकादमाला तोंडावर नाही म्हणाला, यावर मी जरा जास्त थांबले. आधीचा तो काय करायचा असं तुझ्याच पत्रात एका ओळीत आहे, मुकादम आला की घरामागनं निघून जायचा आणि रात्री परतायचा. आता समोर उभं राहून, शिवी न देता, "मी येणार नाही" म्हणतो. हे कोर्सनं दिलंय. कच्चं आहे, बापासमोर पाहुण्याला असं बोलायची पद्धत नसते हे त्याला अजून जमायचंय, पण पळून जाण्यापेक्षा ते कितीतरी पुढचं आहे.

पण वडिलांना ते वाक्य कसं ऐकू आलं असेल? ज्या माणसानं आख्खी उमर कोयता चालवून घर उभं केलं, तुझं लग्न केलं, त्याला पोरगं सगळ्यांसमोर म्हणतं मी हे काम करणार नाही. त्यांना ते "तुम्ही जे केलं ते हलकं होतं" असं ऐकू आलं असणार. शिवाय हिशोब आहेच. दोघांचा एक कोयता, त्यावर मिळणारी उचल, मागची बाकी फिटली नसेल तर ती यंदाच्या अंगावर, कंबर साथ देईना झालेली, आणि घरात एक धडधाकट पोरगं आहे ते सोबत आलं तर अर्धा कोयता वाढतो. तुझे वडील दुष्ट नाहीत, घाबरलेत. भावालाही हे कुणीतरी सांगायला पाहिजे, आणि ते तूच सांगू शकतेस, की "तुझं नाही बरोबर आहे, पण अण्णांना एकदा बसून सांग की तुम्ही जे काम केलं त्याच्यावरच मी वाढलो." वीस वर्षांच्या पोराला बापाला असं म्हणणं अवघड जातं, एकदम नाही जमणार, पण ते झालं तर निम्मं भांडण तिथंच मिटेल असं मला वाटतं.

कोर्सवाल्यांना मी सोडणार नाहीये. या कार्यक्रमांची एक बाजू फार दुखरी आहे आणि ती कुणी बोलत नाही. गावोगाव पोरं गोळा करणारा माणूस टार्गेट पूर्ण होईपर्यंत रोज फोन करतो, नंतर उचलत नाही. तीन महिने पोराला सांगतात तू करू शकतोस, तुझ्यात दम आहे, निरोपाच्या दिवशी पोरं गळ्यात पडून रडतात, आणि चौथ्या दिवशी तो पुण्यात एका खोलीत पाच-सहा अनोळखी माणसांत जमिनीवर झोपलेला असतो. सर नाहीत, हजेरी नाही, दोस्त वेगवेगळ्या शहरांत फेकलेले. नोकरीत काही दिवस टिकला की कागदावर त्याचं काम झालं. आशा लावून मध्येच हात सोडला की पोरगं आधीपेक्षा खाली जातं, कारण आधी त्याला वाटायचं मला संधीच मिळाली नाही, आता वाटतं संधी मिळाली आणि माझ्याच्यानं झालं नाही. तुझा भाऊ आत्ता याच जागी अडकलाय असं मला पत्रावरनं वाटतं. जुन्या मित्रांत बसत नाही ते गर्वानं नसेल, "काय रे साहेब, हाकललं का पुण्यातनं" हे ऐकायची लाज असेल. ग्रुप थंड पडला कारण बाकीच्यांचीही तीच गत असेल आणि कुणालाच पहिल्यांदा ते लिहायचं नसेल.

म्हणून एक नाजूक गोष्ट विचारते. झोप कशी आहे त्याची, जेवतो का, आंघोळ-इस्त्री चालू आहे तोवर बरं आहे पण तेही सुटायला लागलं, दारू सुरू झाली, "माझा काय उपयोग", "मी नसलो तरी काय फरक पडतो" असलं काही बोलला, तर टाळू नकोस, सरळ विचार की जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला दार उघडतं. टेली-मानस म्हणून सरकारची हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात, तू स्वतः आधी फोन करून भावाबद्दल कसं बोलावं हे विचारलंस तरी चालतं. आणि तसं काही आढळलं तर त्याला एकटं ठेवू नका, जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते तिथं सोबत जा. आपल्या भागात या विषयावर "असं अभद्र बोलू नये" म्हणून गप्प बसायची सवय आहे, ती इथं नको.

आता काय करायचं. लग्न, आत्ता बिलकुल नाही. मुलाचं वय कायद्यानं २१ लागतं, तो २० चा आहे, आणि कोयता पूर्ण करायला म्हणून जी मुलगी आणतील ती बहुतेक १८ ची पण नसेल, हे तुलाही ठाऊक आहे आणि मामांनाही. एका पोराच्या डोक्यातला गुंता सोडवायला दुसऱ्या घरची लेक फडावर न्यायची, हे पाप आहे असं मी स्पष्ट म्हणते. इथं तू ठाम राहा, गावात चाइल्डलाइनचा (मुलांसाठीच्या मदत-फोनचा) १०९८ नंबर सगळ्यांना नुसता माहीत असला तरी लग्नाच्या बऱ्याच बैठकी तिथंच थांबतात.

ऊसतोडीला जाण्याबद्दल मात्र मी एकदम नाही म्हणणार नाही. एक हंगाम आईवडिलांना हातभार लावायला तो स्वतःच्या मनानं गेला तर त्याचा कोर्स काही धुऊन जात नाही, आणि त्याला तसं वाटूही देऊ नका. पण त्याच्या नावावर, त्याच्या सहीनं उचल घेऊ नका, हे फार महत्त्वाचं आहे. उचल घेतली की तो बांधला गेला, बाकी राहिली की पुढचं वर्षही गेलं, आणि पुढच्या वर्षी कुठला कोर्स, कुठली नोकरी काही सुचणार नाही. वडिलांना घ्यायचीच असेल तर त्यांच्या दोघांच्या कोयत्यापुरती घेऊ द्या. घरखर्चाला तो दर महिन्याला अमुक रुपये देईल असं त्याच्याकडनं कबूल करून घ्या, आणि कुठं काम करून द्यायचे ते त्याला ठरवू द्या. "येणार नाही" म्हटलंस तर मग घराचा वाटा कसा उचलशील, हा प्रश्न त्याला विचारणं योग्यच आहे, त्यानं पोरगं मोठं होतं.

कुठं काम, तर पुणेच कशाला? दिवाळीनंतर लग्नसराई, अंबाजोगाई, लातूर, बीड, माजलगाव, सगळीकडं मंगल कार्यालयांत केटरिंगवाल्यांना सर्व्हिसची शिकलेली पोरं लागतात. संभाजीनगरात हॉटेलं आहेत, वाळूज-शेंद्र्याला कंपन्यांची कँटीन आहेत, तिथनं शनिवारी-रविवारी घरी येता येतं. आणि शक्यतो एकट्यानं नको, बॅचमधलं एखादं पोरगं सोबत असू दे, दोघं एकाच ठिकाणी, एकाच रूमवर. हे मी फार लोकांना सांगत असते, पहिल्यांदा घर सोडणारं पोरगं ओळखीच्या एका जिवासोबत गेलं की तग धरतं. त्याच्या कोर्सच्या सरांना तू स्वतः फोन लाव, भांडायला नको, विचारायला, की बॅचमधलं कोण कोण परत आलंय आणि प्लेसमेंटनंतर जी मदत द्यायची असते ती याला मिळाली का. आणि भावाला त्या थंड ग्रुपवर पहिलं वाक्य टाकायला सांग, "मी गावाकडं परत आलोय, अजून कोण आलंय?" एवढंच. बघ किती हात वर होतात.

ज्याला स्वतःचंच काहीतरी करायचंय त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात बँकेची आरसेटी (ग्रामीण स्वयंरोजगार शिकवणारी संस्था) असते, फुकट छोटे कोर्स, आणि नंतर दोनेक वर्षं ती माणसं विचारपूस करत राहतात, हा नंतरचा भागच मला जास्त मोलाचा वाटतो. दहावीचं गणित सुटलंय ते परत बसून काढता येतं, जून-जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा असते, एका विषयासाठी आयुष्यभर नापासचा शिक्का कशाला. आयटीआयला दहावी नापास चालणारे काही ट्रेडही आहेत. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेचं नाव तू लिहिलंयस, पण त्याला निदान बारावी लागते, त्यामुळं आत्ता त्या रांगेत त्याला उभं करून परत एक नकार पदरात घेऊ नकोस.

एक गोष्ट अजून सांगायची राहिली. लायबेरियात, युद्ध संपल्यावर मन्रोव्हिया शहरात चोऱ्यामाऱ्या करून जगणारे ९९९ तरुण निवडले. काहींना ८ आठवडे गटात बसवून राग कसा आवरायचा, पुढचा विचार कसा करायचा हे शिकवलं, काहींना २०० डॉलर दिले, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. शिकवणारे पण त्याच रस्त्यावरनं आलेले होते. होमवर्क काय असायचा, तर स्वच्छ कपडे घालून बँकेत जाऊन ये, दुकानात जाऊन बोलून ये. पैसे लवकरच संपले. पण १० वर्षांनी परत शोधून काढलं तर ज्यांना शिकवण आणि पैसे दोन्ही मिळाले होते त्यांच्यात चोरी-मारामारी निम्म्यावर आलेली होती. संशोधकांना वाटतं की पैशानं त्यांना थोडी उसंत मिळाली, नवीन वागणं रोज करून बघायला, आणि करून बघितलं म्हणून ते अंगात मुरलं. तुझ्या भावाला आत्ता नेमकी हीच उसंत नाहीये. नवीन वागायचं कुठं? गावात सॉरी म्हटलं की हसतात, शर्टाला इस्त्री केली की साहेब म्हणतात, आणि बापासमोर बोललं की उर्मट.

म्हणून त्याला आठ-दहा दिवस तुझ्याकडं बोलव. "तुला समजवायला" म्हणून नको, काहीतरी कामाला बोलव, तुझ्या सासरी काही कार्यक्रम असेल, बारसं, जागरण, काहीही, पंगतीची सगळी जबाबदारी त्याला दे. आणि आईवडिलांना त्या दिवशी तिथं जेवायला बोलव. वडिलांनी संभाजीनगरचं ते सेंटर बघितलेलं नाही, पुण्याचं हॉटेल बघितलेलं नाही, पोरगं काय शिकलं हे त्यांनी कधी डोळ्यांनी बघितलंच नाही, त्यांच्यासाठी ते नुसतं एक लॅमिनेशन केलेलं सर्टिफिकेट आहे. पंगतीत कोण उपाशी राहिलंय, म्हाताऱ्यांना काय लागतं, कुठं भाजी संपलीय हे पोरगं कसं एका नजरेत बघतं ते त्यांना बघू दे. त्यानं उचल फिटणार नाही, पण हातचं गेलं म्हणत होते ते पोरगं काय करतं हे तरी दिसेल.

बोलणं मात्र त्या गर्दीत नको. त्याच्या भाच्याला, म्हणजे तुझ्या लेकराला, घेऊन रानात जाताना, गाडीवर, कुठंतरी दोघंच असताना. सुरुवात पुण्यापासून करू नकोस, कोर्सपासून कर. तिथं सगळ्यात जास्त काय आवडलं, शेजारच्या कॉटवर कोण होतं, कुठल्या दिवशी सर तुला शाबास म्हणाले. ते बोलून झालं की पुण्याचं आपोआप निघेल, नाही निघालं तर दुसऱ्या दिवशी. मध्ये सल्ला देऊ नकोस, "मी म्हटलं होतं ना" तर अजिबात नको.

आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांनो, भावाबहिणींचे फॉर्म भरणाऱ्या ताया-दादांनो, सरपंच, अंगणवाडीताई, ज्यांच्याकडं अशा कोर्सवाल्यांच्या गाड्या येतात त्या सगळ्यांनी, फॉर्म भरायच्या आधी तिथल्या माणसाला विचारा की नोकरी लागल्यावर पहिले सहा महिने पोराला फोन कोण करणार, त्याचं नाव सांगा. घरच्यांना एकदा सेंटर बघायला येऊ देता का विचारा. एका गावची दोन पोरं एकाच ठिकाणी लावता का विचारा. आणि पोरगं परत आलं तर परत घेता का. बालगृहातनं १८ वर्षं पूर्ण होऊन बाहेर पडणाऱ्या पोरांचं तर याहून अवघड, त्यांना परत यायला घरही नसतं, त्यांच्यासाठी २१ पर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यावरच्या आधाराची, तरतूद कायद्यात आहे, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जाऊन ती मागावी लागते, आपणहून कुणी देत नाही.

तुझ्याकडं वेळ कमी आहे हे कळतंय मला, मुकादम परत दसऱ्याच्या आत येणार. तेवढ्या दिवसांत बाकी काही नाही झालं तरी चालेल, भाऊ का परत आला हे त्याच्या तोंडून ऐक आणि उचलीच्या कागदावर त्याची सही होऊ देऊ नकोस. तो काय म्हणाला ते लिही मला, पुढचं त्यावरनं बघू.